कंपनीने लावलेली ग्रिप

आमच्या घरातला टीव्हीचा रिमोट आजही त्याच्या मूळ प्लॅस्टिकच्या पिशवीत राहतो. गाडी घेतली तेव्हा सीटवरचं प्लॅस्टिक काढायला मला नवऱ्याशी एक अख्खा उन्हाळा भांडावं लागलं. मस्कतच्या उन्हात त्या सीटवर बसलं की उतरताना सीटसुद्धा आपल्याबरोबर उतरते की काय असं वाटायचं. नवऱ्याचं म्हणणं एकच. कंपनीने जे जसं दिलंय ते तसंच ठेवावं, त्यांनी विचार करूनच दिलेलं असतं. अशा माणसाच्या गोल्फच्या काठ्यांवरच्या रबरी मुठी बदलायच्या की नाही, या प्रश्नावर आमचा एक हिवाळा गेला तर त्यात नवल काय?

काठ्या म्हटलेलं त्याला आवडत नाही. क्लब म्हणायचं, आणि मुठीला ग्रिप. मी ग्रिप म्हणते, पण काठ्यांना काठ्याच म्हणते.

दापोलीकडचा हा माणूस. गल्फमध्ये आला तो एअर कंडिशनिंगची कामं करायला, आणि गोल्फ त्याने टीव्हीवर पाहिलं तेही चॅनल बदलता बदलता. एकदा ऑफिसातल्या साहेबाने त्याला जबरदस्तीने मैदानावर नेलं. घरी आला तो टोमॅटोसारखा लाल होऊन आणि हसत. चेंडू कुठे गेला ते त्याला शेवटपर्यंत कळलं नव्हतं, पण काठी लागली तेव्हाचा आवाज मात्र तो मला तोंडाने काढून दाखवत होता. पुढे त्याने स्वतःच्या काठ्या घेतल्या, कोऱ्या करकरीत, आणि शुक्रवारची, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवसाची, पहाट आमच्या घरातून कायमची गेली.

खेळातला जोडीदार म्हणजे रत्नागिरीचे भाई. त्यांचं दूर रुस्ताक गावात हार्डवेअरचं दुकान आहे, बायकामुलं इथे मस्कतला. गुरुवारी संध्याकाळी दुकान बंद करून ते येतात, आणि शुक्रवारी उजाडायच्या आत वादी कबीर भागातल्या आमच्या बिल्डिंगखाली त्यांच्या गाडीचा हॉर्न वाजतो. उन्हं चढली की दोघं परत येतात. मग नाश्त्याला बसून एकेका फटक्याचं वर्णन चालतं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण ऐकायला आवडतं. आठवडाभर फाइलीत तोंड घालून बसणारा माणूस त्या दोन तासांत हातवारे करून बोलतो, हसतो, दुसरं थालीपीठ मागतो.

मागच्या पावसाळ्यानंतर, म्हणजे गावाकडच्या पावसाळ्यानंतर, कारण इथे कुठला पाऊस, त्याचा उजवा अंगठा दुखायला लागला. अंगठा मनगटाला मिळतो तिथे. बाटलीचं झाकण उघडेना. गाडीचं दार डाव्या हाताने उघडायला लागला. डॉक्टरांनी सांध्यावर दाबून पाहिलं आणि सांगितलं की काठ्यांच्या मुठी बारीक आहेत, त्यामुळे काठी आवळून धरावी लागते. एक तर जाड ग्रिपा बसवा, नाही तर खेळ सोडा.

मला वाटलं, सुटला प्रश्न. पण नाही.

"अगं, ह्या स्टँडर्ड आहेत," तो म्हणाला. "कंपनीने लावलेल्या."

"अहो, कंपनीने तुमचा अंगठा पाहिला होता का?"

"त्यांचे इंजिनियर असतात त्याला."

मी भाईंना मध्ये घातलं. भाईंनी कधीच बदलून घेतल्या होत्या. त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलाशी उभं राहून आपली काठी याच्या हातात दिली. "धरून तर बघ. मुठीत अशी भरते, आवळायला नको. वैनी, याला सांगा, दुकानात अर्ध्या तासाचं काम आहे. काढली, घातली, खलास!"

नवऱ्याने काठी धरली, दोनदा हलवली आणि परत दिली. भाई गेल्यावर मी विचारलं, कशी वाटली. त्याने खुर्ची टेबलाखाली सरकवली. मग म्हणाला, "चांगली आहे. पण जाड ग्रिप म्हातारे लावतात."

मला हसायला आलं होतं, पण त्याचा चेहरा पाहून मी हसले नाही. एवढा मोठा माणूस, दोन नातवंडांचा आजोबा, आणि हे गुपित त्याने इतके दिवस कंपनीच्या इंजिनियरांमागे लपवून ठेवलं होतं.

नंतरच्या शुक्रवारी हॉर्न वाजला तेव्हा तो उठलाच नाही. खिडकीतून भाईंना हातानेच नाही म्हणाला. शुक्रवारी घरी बसलेला नवरा काय चीज असते ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. त्याने माझे मसाल्याचे डबे काढून उंचीप्रमाणे लावले. हिंगाच्या दोन डब्या कशाला, म्हणून विचारलं. सांडशीचा स्क्रू ढिला आहे, हे पहिल्यांदाच कळल्यासारखं सांगितलं. नाश्त्याला थालीपीठ केलं होतं, त्याने एकच खाल्लं. असे तीन-चार शुक्रवार गेले, आणि मला खरंच भीती वाटायला लागली. हा खेळ सुटला तर हा माणूस हसणार कुठे?

मी रोज तोच विषय काढायला लागले. कधी गोडीत, कधी टोमणा मारून. तो ऐकून घ्यायचा आणि वर्तमानपत्र उलटायचा.

माझ्या हाताचं मी त्याला सांगितलं नव्हतं. सकाळी बोटं आखडलेली असायची. कोमट पाण्यात बुडवून जरा चोळली की सुटायची, आणि मी एसीला दोष देऊन मोकळी व्हायचे. सांडशीने पातेलं उचलताना दुसऱ्या हाताने खाली फडकं लावायला लागले होते. सांगितलं असतं तर याने आधी डॉक्टर, मग डॉक्टरांवर दुसरा डॉक्टर असं सुरू केलं असतं. शिवाय एका घरात एकाच वेळी दोन दुखणी कशाला!

मग एका सकाळी दूध सांडलं. इथलं दूध बाटलीतलं, तापवायची काही गरज नसते, पण मी तापवते. सवय. पातेलं उतरवताना सांडशी बोटांतून फिरली आणि सगळं दूध ओट्यावरून खाली. भाजलं नाही मला, पण मी ओरडले. तो धावत आला. माझे हात उलटेपालटे करून बघितले, फडकं घेऊन गुडघ्यावर बसला आणि फरशी पुसायला लागला. मी स्क्रूवर राग काढला. तो स्क्रूबद्दल एक शब्द बोलला नाही.

त्या शनिवारी काठ्यांची पिशवी खांद्याला लावून तो बाहेर पडला आणि दुपारी परत आला. प्रत्येक काठीवर जाडजूड, काळी, नवी ग्रिप! मी मनातल्या मनात पेढे वाटले. इतके दिवस डोकं खाल्लं त्याचं फळ मिळालं, अशी माझी समजूत. दुकानदार जुन्या ग्रिपा ब्लेडने चिरायला निघाला होता. याने त्याचा हात धरून त्या आत पंपाने हवा मारून अख्ख्या काढून घेतल्या होत्या आणि पिशवीत भरून घरी आणल्या होत्या.

"हा कचरा कशाला?" मी विचारलं.

"रबर चांगलं आहे," तो म्हणाला आणि कात्री, चिकटपट्टी घेऊन बाल्कनीत गेला. रिमोटची पिशवी जपणारा माणूस. मी झोपून घेतलं.

संध्याकाळी चहाला उठले तर त्याने दूध गॅसवर ठेवलं होतं आणि सांडशी ओट्यावर होती. तिचे दोन्ही दांडे काळ्या रबरात. आत चिकटपट्टीचे वेढे देऊन त्याने दांडे जाड केले होते आणि त्यावर ग्रिपचे तुकडे चढवले होते, टोकाला कंपनीचं छोटंसं चिन्ह नीट वरच्या बाजूला येईल असे. स्क्रू घट्ट केला होता. लाटण्याच्या दोन्ही मुठींना तेच. रवीला तेच.

तो दारात उभा होता. मी म्हटलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"तू फडकं लावायला लागलीस तेव्हाच."

"मग एक नवी ग्रिप आणून लावायची. त्यासाठी तुमच्या सगळ्या काठ्या कशाला उघड्या केल्या?"

"नवी आणली असती तर तू हात लावला असतास का? उगाच खर्च म्हणून आत ठेवून दिली असतीस. या जुन्या आहेत, म्हणून वापरशील."

मला रडूच आलं. इतकी वर्षं मी समजत होते की या घरातल्या माणसांवर लक्ष ठेवायचं काम माझं एकटीचं आहे.

"बघत काय बसलीस?" तो म्हणाला. "यल्ला, चल, उचल. दूध वर आलंय."

मी दुसरा हात पाठीमागे नेला आणि पातेलं उचललं.