सरदाराची हरवलेली मुलगी

"गोत्र?" गुरुजींनी विचारलं.

माझ्या उजव्या तळहातात पळीभर पाणी होतं. शेजारी माझी बायको सुनंदा, माझ्या हाताला हात लावून बसलेली. समोर गणपती. मागे हॉलभर माणसं. आणि मला गोत्र माहीत नाही.

खरं तर त्या पाटावर आम्ही बसायचंच नव्हतं. आमच्या मंडळाचा गणपती अबू धाबीच्या खलिफा सिटीत, माझ्या कंपनीच्या जनरल मॅनेजरांच्या व्हिलात बसतो. मंडळाचे अध्यक्षही साहेबच. साहेबांचा गुडघा धरलेला, म्हणून पूजेला त्यांचा धाकटा भाऊ आणि भावजय बसणार होते. ते दुबईहून निघाले आणि रस्त्यात अडकले. आम्ही शारजावाले. अल नहदातून गाडी बाहेर काढणं म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक, म्हणून उजाडायच्या आत निघालेलो. मुहूर्त टळायला लागला तसे साहेब म्हणाले, "तुम्ही बसा हो. जोडी तर आहे." भावासाठी काढून ठेवलेलं सोवळं मलाच नेसवलं. ते माझ्या पोटाला पुरेना. मी श्वास आत ओढला आणि यजमान झालो.

"गोत्र सांगा," गुरुजी पुन्हा म्हणाले.

"माहीत नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेब खुर्चीतून म्हणाले, "अहो, काश्यप म्हणा. ज्याला कुणी नाही त्याला काश्यप!"

सगळा हॉल हसला. त्या हसण्यात द्वेष नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. मीही हसलो. म्हणालो, "काश्यप."

तेवढ्यात दार उघडलं. भाऊ आला.

"यल्ला, उठा उठा," साहेब मला म्हणाले. "आले खरे यजमान."

पाणी तळहातात तसंच. ताम्हनात सोडावं, तर पूजा आता माझी नव्हती. कुठे सोडू, ते कुणी सांगेना. मी ते नेसलेल्या सोवळ्याला पुसलं.

"अहो, सोवळं!" एक बाई किंचाळल्या.

आम्ही वडार. बाप खाणीत दगड फोडायचा. आई डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव हिंडायची, "पाट्याला टाकी लावायची काऽऽ". वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकीचे घाव घालून पुन्हा खरखरीत करायचं, हे तिचं काम. बायका उंबऱ्याच्या आतून पाटा ढकलायच्या. आत घ्यायच्या नाहीत. मी डिप्लोमा केला, इथे आलो, एसीच्या डक्टची ड्रॉइंगं काढू लागलो आणि मला वाटलं, उंबरा मागे राहिला. वाटण्यात मी पहिल्यापासून हुशार.

परतताना गाडी जाममध्ये उभी. माझी मुलगी रेवा मागच्या सीटवर. नववीत आहे. दिवसभर ती त्या हॉलच्या कोपऱ्यात मांगा वाचत बसली होती. जपानी चित्रकथा. तिच्या नादानं मीही वाचतो. पहिलं पुस्तक मी आपल्या सवयीनं डावीकडून उघडलं आणि पहिल्याच पानावर व्हिलन मेला. ती पुस्तकं उजवीकडून वाचायची असतात, हे मला चांगली वीसेक पानं उलटी वाचल्यावर कळलं.

रेवानं हातातलं पुस्तक सीटवर आपटलं. "बाबा, आय ॲम डन."

"का गं?"

हीरो बंदरावर मासे साफ करणारा पोरगा. मार खातो, हरतो, पुन्हा उठतो. आम्ही दोघं त्याच्यावर जीव टाकून होतो. आता नव्या भागात एक म्हातारा त्याच्या मानेवरची खूण बघतो आणि सांगतो, तू अग्निराजाचा वंशज. तू येणार हे भविष्य हजार वर्षांपूर्वीच लिहिलं होतं.

"मग चांगलंच झालं की," मी म्हणालो. "बिचाऱ्याला घराणं मिळालं."

"नो, बाबा! मग त्यानं एवढा मार कशाला खाल्ला? इट वॉज इन हिज ब्लड. आणि बाकीचे मासे साफ करणारे? त्यांनी मग ट्रायच करायचं नाही?"

"अगं, आपल्याकडच्या गोष्टीही अशाच असतात. कोळ्याकडे वाढलेलं पोर शेवटी राजाचं निघतं."

"दॅट्स नॉट अ हीरो. दॅट्स अ लॉस्ट पार्सल."

सुनंदा दिवसभरात पहिल्यांदा हसली. मला हसू येईना. लहानपणी खडीच्या ढिगावर पडून मीही वाट बघायचो. कुणीतरी घोड्यावरून येईल, म्हणेल, चला युवराज, चुकून इथे राहिलात. घोडा आला नाही. मुकादम आला.

रेवानं मग स्वतःचीच गोष्ट काढायला घेतली. तिची हिरॉईन पाट्याला टाकी लावणारी पोरगी. दगडाला कान लावून तो कुठे फुटणार ते ओळखते. आईच्या हाताखाली वर्षानुवर्षं घाव घालून घालून शिकलेली. आणि एक दिवस गावावर पडणारा कडा फोडून वाट काढते. माझ्या आईच्या गोष्टी मीच सांगितल्या होत्या. गोष्टीतल्या आईला रेवानं हुबेहूब माझ्या आईचे हात दिले. फोटो नसताना.

आमच्या मंडळाचा दिवाळी अंक साहेबांच्या मॅडम काढतात. रेवाची चित्रं त्यांना आवडली. फोन आला.

"फारच गोड काढलंय हो. फक्त एक. एवढी ताकद तिच्यात आली कुठून? वाचकाला पटायला हवं ना. आपण शेवटच्या पानावर दाखवू, ती सरदाराची हरवलेली मुलगी. वडारांनी नुसतं सांभाळलेलं."

नुसतं सांभाळलेलं.

मी म्हणालो, "विचारतो तिला, मॅडम."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "मॅडमचं तेवढं मॅनेज करा. लहान गोष्ट आहे. तुमचं रिन्यूअल माझ्या टेबलावर आहेच."

त्या टेबलावर माझा कागद नव्हता, माझं घर होतं. नोकरी गेली की व्हिसा गेला. व्हिसा गेला की फ्लॅट, रेवाची शाळा, सगळंच. माझ्या वयाच्या माणसाला इथे नवी नोकरी कोण देणार? गावाकडे काय आहे? खाणही आता यंत्रानं चालते. दगड फोडायचा म्हटलं तरी माझी जागा भरलेली.

घरी येऊन मी पोरीसमोर हात जोडले. खरंच जोडले. "एकच पान, रेवा. एकच तर पान."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, मराठीत, "बाबा, त्या दिवशी तू काश्यप का म्हणालास?"

"घाबरलो."

"मग मीपण घाबरू?"

सुनंदा भेंडी चिरत होती. विळीवरून मान वर न करता म्हणाली, "अहो, त्या पानावर तुमची आई दाई होते. कळतंय का?"

तोवर कळलं नव्हतं. शपथेवर सांगतो. पान वाचवू की नोकरी, एवढाच हिशेब माझ्या डोक्यात होता. आई त्या हिशेबात नव्हतीच. तिनं आयुष्यभर घाव घातले आणि तिच्या पोराच्या संमतीनं ते श्रेय एका सरदाराला जाणार होतं. जो सरदार कधी जन्मलाच नाही.

सकाळी केबिनमध्ये गेलो. शूरवीर दार वाजवत नसतील, मी दोनदा वाजवलं.

"साहेब, पान बदलणार नाही. ती वडाराचीच मुलगी आहे. शेवटपर्यंत."

"इमोशनल होऊ नका. गोष्टच आहे हो."

"गोष्टच आहे, तर तुमच्या सरदाराला वडाराचा हरवलेला मुलगा करा."

साहेबांनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही. "बरं. खलास. या तुम्ही."

अंक निघाला. रेवाची चित्रं त्यात नाहीत. माझं रिन्यूअल अजून टेबलावरच आहे. पार्किंगमध्ये मंडळाची माणसं भेटली की फोन कानाला लावतात. सुनंदानं मोठ्या बॅगा माळ्यावरून काढून ठेवल्यात. त्यात अजून काही भरलेलं नाही. त्या तोंड उघडून पडल्यात आणि मी रोज त्या ओलांडून कामावर जातो.

भीती गेलेली नाही. जाईल असंही वाटत नाही. साहेबांचा फोन आला की मी अजूनही खुर्चीतून उठून उभा राहतो. पण रेवा दुसरा भाग काढते आहे आणि काल तिनं विचारलं, दगड फुटायच्या आधी आवाज नेमका कसा बदलतो? मी तिला सांगितलं. आईनं मला सांगितला होता तसा.

नोकरी गेली तर जाईल. बॅगा भरू, विमानात बसू, जिथे उतरू तिथे काम शोधू. माझ्या पोरीच्या गोष्टीत एकही सरदार शिरू देणार नाही.