दाराच्या वरचा दगड

म्हसवडच्या रस्त्याला लागून आमच्या गावात मेथडिस्ट मंडळीचं देऊळ होतं. चर्च हा शब्द आम्ही बाहेरच्यांशी बोलताना वापरायचो. दहा पावलं लांब, सहा पावलं रुंद, वर मंगलोरी कौलं. माझ्या आठवणीत रविवारी पंधरा घरं उपासनेला यायची. शेवटी चार माणसं उरली. पाळक दोन महिन्यांतून एकदा येत. किल्ली माझ्या आत्याकडे असे.

रस्ता रुंदीकरणाच्या मोजणीत देवळाच्या भिंतीवर लाल खूण पडली. समोरचं मारुतीचं देऊळ जुनं म्हणून वगळलं होतं. मोजणीला आलेला माणूस सभ्य होता. "आजी, हे किती जुनं आहे त्याचा काही पुरावा दाखवा," तो आत्याला म्हणाला. "मी अहवालात लिहितो. वाचलं तर वाचलं."

जागा कुणीतरी तोंडी दिलेली. सातबाऱ्यावर मंडळीचं नाव नव्हतं. बाप्तिस्म्यांची वही वाळवीने खाल्ली होती. उरला दाराच्या वरचा दगड. त्यावर बांधणीचं साल आणि पहिल्या घरांची नावं आहेत, हे सगळ्यांना माहीत होतं. ती वाचलेला माणूस मात्र हयात नव्हता.

अक्षरं वाचता येत नव्हती, त्याचं कारण आम्हीच होतो. नाताळाच्या आधीच्या शनिवारी सगळी मंडळी मिळून देवळाला चुना लावायची. दुष्काळातही त्यात खंड पडला नाही. मी सांगलीत वर्तमानपत्रात नोकरीला लागल्यावरही त्या दिवशी गावी जायचो. उंच असल्यामुळे दगड माझ्याकडे असायचा. उजळ दिसावा म्हणून मी त्याला एक हात जास्त द्यायचो. अक्षरं कधीच बुजली होती.

आत्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीला, विश्रामबागेत घरीच होतो.

"पेपरवाल्या, जगाचं लिवतोस. आपल्या देवळाचं कवा लिवलंस का?"

"नाही."

"मग ये आता. दगुड तरी वाचून दाव त्या सायबाला."

मी शिडीवर चढलो. दगड ओला केला आणि खुरप्याने चुना खरवडायला लागलो. मोजणीवाला फोटो काढायला मोबाइल धरून खाली उभा होता. आत्या पदर डोक्यावर घेऊन उंबऱ्यात बसली होती. वरचे थर पापुद्र्यांसारखे निघाले. मग 'मं' दिसला.

"दिसलं का रं?"

"एक अक्षर दिसतंय."

"आजून खरवड की मग. भितोस काय?"

मी जोर लावला. तळहाताएवढा तुकडा सुटून माझ्या हातात आला, अक्षरासकट. त्यामागे कच्ची वीट होती. बाकीचा भाग बोट लावताच भुगा होऊन पडला. दगड नव्हताच. ओल्या गिलाव्यात कुणीतरी खिळ्याने नावं कोरली होती आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या त्याला दगड म्हणत आलो होतो.

आत्याने खाली पडलेला भुगा पाहिला.

"पाथरवट आपल्या वस्तीत येत नसंल तवा," ती म्हणाली. "आपल्याच हातानं लिवलं असंल त्येंनी."

मोजणीवाल्याने तरीही फोटो काढला. अहवालात वयाच्या रकान्यात त्याने 'अनिश्चित' असं लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. त्यात चूक काहीच नव्हती. मीही तेच लिहिलं असतं.

डिसेंबरात देऊळ पाडलं. कौलं आधी उतरवली होती. भिंतींना अर्धा तास पुरला. नाताळाच्या आधीच्या शनिवारी मी सवयीने गावी गेलो. आत्याने घमेल्यात चुना भिजत घातला होता.

"कशाला?" मी विचारलं.

"आज शनवार हाय," ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं.

या मंडळीचा इतिहास मला लिहायचा आहे. पहिली घरं किती होती, कोणाची होती, हे मला माहीत नाही. विचारायला कोणी नाही. माझ्याकडे 'मं' आहे. नावातला की मंडळीतला, हेही सांगता येत नाही.