माझ्या डोळ्यावर बसवलेले आकडे

मी महाविद्यालयात तंत्रज्ञ आहे. डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणारं ओसीटी यंत्र आमच्या प्रयोगशाळेत जुळवलंय. शनिवारी डॉक्टरीणबाई त्यावर रुग्ण तपासतात. त्याच्या प्रकाशात बरेच रंग असतात. डोळ्यातल्या पाण्यातून जाताना ते मागेपुढे होतात आणि चित्र विस्कटतं. संगणकाला दोन आकडे देऊन ते रंग पुन्हा एका रांगेत आणायचे. हे आकडे मी रोज सकाळी स्वतःच्या डोळ्यावर ठरवायचो आणि दिवसभर सगळ्यांना तेच लावायचो. सोपं पडायचं.

एका शनिवारी कन्नड गावाहून थोरल्या वहिनी आल्या. मधुमेह जुना, उजव्या डोळ्यानं अंधुक दिसत होतं. चित्र भुरकट आलं.

“वहिनी, हलू नका.”

“हलले नाय भावजी. श्वास बी धरून बसले.”

“मग हे असं कसं?”

“मला काय इचारता? मशीन तुमची.”

मागे रांग होती. मी शेरा लिहिला, ‘डोळा हलला.’ डॉक्टरीणबाईंना त्या चित्रात काही कळेना. तीन महिन्यांनी पुन्हा बघू, म्हणाल्या.

दोन आठवड्यांनी मी चष्मा बदलायला गेलो. चष्मेवाला म्हणाला, “साहेब, तुमचा डोळाच लांबट आहे, म्हणून एवढा नंबर.” स्कूटरवर बसलो आणि वहिनींचं भुरकट चित्र आठवलं. डोळा लांब म्हणजे आत पाणी जास्त. माझे आकडे माझ्यापुरतेच होते!

वहिनींची कच्ची नोंद, म्हणजे आकडे लावण्याआधीची, संगणकात होती. आकडे बदलले, तसे थर सुटे झाले आणि त्यांच्याखाली काळी फट दिसली. पाणी साचून आलेली सूज असावी. आकडे परत थोडे सरकवले, फट गेली. पुन्हा आली. ती वहिनींच्या डोळ्यात होती की मी तयार करत होतो, मला ठरवता येईना.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी लगेच बोलवायला लावलं. वहिनी एसटीनं आल्या. चूक माझी होती, असं मी त्यांना आधीच सांगून टाकलं.

“म्हंजे डोळा चांगला हाय का खराब?”

मी त्यांना यंत्रासमोर बसवलं. या वेळी आकडे त्यांच्याच डोळ्यावर ठरवले. फट होती. त्याच आठवड्यात डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली.

अजूनही त्यांना उजव्या डोळ्यानं वाचताना ओळी मोडलेल्या दिसतात. आधी कळलं असतं तर? डॉक्टरीणबाईंना मी दोनदा विचारलं. सांगता येत नाही, म्हणाल्या. वहिनी मला बोल लावत नाहीत. त्यांनी माफ केलंय की त्यांना माझी चूक कळलीच नाही, हे त्यांना विचारायचं धाडस मला होत नाही.