गोठ्यातलं लढाऊ विमान

माझ्या बायकोच्या मामांना आजवर कुणीही कुठल्याही गोष्टीपासून रोखू शकलेलं नाही; आणि ज्यांनी ज्यांनी तसा प्रयत्न केला, त्यांच्या हाती पाना नाहीतर पक्कड देऊन मामांनी त्यांनाच कामाला लावलं आहे. मी त्यातलाच एक. आमच्या साखरपुड्यात मांडवातला पंखा कुरकुरतोय म्हणून ते स्टुलावर चढले. मी भावी जावयाच्या आदबीने म्हणालो, "राहू द्या मामा, पडाल." त्यांनी मला स्टूल धरायला लावलं. आमच्या अल्बममधला पहिला फोटो तोच आहे: फेटा बांधून स्टूल धरलेला मी, आणि वर मामांचे दोन पाय.

मामा साखर कारखान्यात फिटर होते. ऐन हंगामात काही बंद पडलं की जेवत्या ताटावरून उठून जायचे. निवृत्त होऊन आपल्या गावी, पिंपळीला आले, तेव्हा वाटलं, आता पारावर बसून राजकारण करतील. तर त्यांनी जाहीर केलं, की दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान, मूळच्या चौथाई मापाचं, घरी बनवणार. "नुसतं मॉडेल ना?" मी विचारलं. "जे उडत न्हाय त्याला विमान कशाला म्हणायचं, जावईबापू?"

म्हैस बाहेर शेडनेटखाली गेली आणि गोठ्यात विमान आलं. मामी आठ दिवस बोलल्या नाहीत, म्हशीने दूध कमी केलं, मामांना दोन्हीचा पत्ता नव्हता. प्लायवूडच्या फासळ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत नऊ फूट पंख, फवारणीच्या पंपाचं इंजिन. चाकांसाठी मला मोटारसायकलवरून इंदापूरच्या बाजारात नेलं आणि सात दुकानांतली लहान मुलांच्या सायकलींची चाकं काट्यावर तोलून पाहिली. दुकानदार माझ्याकडे बघत होते, मी आभाळाकडे. वजन हे मामांचं वेड. विमान आढ्याला दोरीने टांगून ते कधी नाकात शिसं भरायचे, कधी शेपटीचा रंग खरवडायचे. "विमानाचा तोल म्हंजे माणसाची अब्रू," म्हणायचे, "एकदा ढळला की सावरत न्हाय."

गाव हसलं. गणपती मंडळाने देखाव्यासाठी विमान मागितलं, हायवेवरच्या एका ढाबेवाल्याने सेल्फीसाठी खांबावर बसवायला मागितलं. दोघांना एकच उत्तर मिळालं, "उडायसाठी केलंय, टांगायसाठी न्हाय." शेवटी मामांचे थोरले बंधू आबा चारचौघांत ओरडले, की या वयात खेळणी करतोस, लाज वाटत नाही का? मामा शांतपणे म्हणाले, "आबा, जल्मभर दुसऱ्यानं केल्याली यंत्रं चालू ठिवली. एक तरी माझं म्हणून चालताना मला बगायचंय. लोकं हसत्यात तर हसू द्या, हसायला काय लागतंय?" त्यानंतर मला काही हसता आलं नाही.

ऊस तुटून गेल्यावर त्यांनी एका पट्टीतला खोडवा, म्हणजे बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस, मोडला, रोलर फिरवला, धावपट्टी तयार केली. उड्डाणाच्या दिवशी सगळी पिंपळी बांधावर. मामांनी रिमोट धरला. विमान धावलं, दोन गचके खात खरंच हवेत उठलं! मी ओरडलो, आबाही ओरडले. पण विमानाचं नाक वर होत गेलं, होतच गेलं. मग ते हवेत थबकलं आणि थेट शेजारच्या उसात कोसळलं. वर पिवळाधमक ढग उठला. लोकांनी टाळ्या पिटल्या. "धूर बी सोडतंय की!"

आम्ही धावलो. मोडलेल्या शेपटीतून जेजुरीच्या भंडाऱ्याची फुटकी पुडी आणि खोबऱ्याची वाटी बाहेर आली होती. आमच्याकडे ट्रॅक्टर असो की पाण्याची मोटर, भंडारा लावल्याशिवाय नवं यंत्र चालू होत नाही. मामांना विचारलं असतं तर त्यांनी आधी वजनकाटा आणला असता, म्हणून मामींनी गुपचूप शेपटीत ठेवलं होतं. त्या तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. मामांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, वाटी खिशात घातली आणि लोकांकडे वळले. "माझा हिशेब चुकला. शेपूट जड झालं."

आपली चूक आहे असं मामा जन्मात पहिल्यांदा म्हणाले, आणि तेही धादांत खोटं. "आता तरी बास कर," आबा म्हणाले. मामांनी तुटका पंख त्यांच्याच हातात दिला. "धरा. गोठ्यात न्यायचाय."

परवा गेलो, तर नवा सांगाडा आढ्याला टांगलेला. त्याच्या पोटात, बरोबर तोलाच्या जागी, एक छोटी डबी बसवलेली. "हितं ठिवलं तर तोल ढळत न्हाय," मामा मामींना सांगत होते, "पर किती ठिवणार त्ये आधी सांग." मामी मुकाट्याने काट्यावर चिमूट चिमूट भंडारा टाकत होत्या.

"कधी उडवायचं?" मी विचारलं.

"पुढच्या तोडीला."

म्हणजे अजून वर्ष. मामांची नजर आता खूप अधू झाली आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही फारशी आशा दाखवलेली नाही. मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. मामीच म्हणाल्या, "दिसंना झालं तर मी सांगीन की, कुठवर गेलंय त्ये."

मला वाटलं, मामा आता उसळणार. ते उसळले नाहीत. हाताने चाचपत त्यांनी डबीचं झाकण लावलं.

"जोरात सांग मग," ते म्हणाले. "इंजिनाचा आवाज लई असतोय."