जिवंत बाईला हार

जिवंत बाईच्या फोटोला मी हार घातला. लातूरच्या एका मंगल कार्यालयात, मोठ्या पडद्यावर, भरल्या कार्यक्रमात. ती बाई पहिल्या रांगेत बसली होती.

माझा फोटो स्टुडिओ होता. मोबाइल आल्यावर तो बसला. आता घरच्या कॉम्प्युटरवर स्लाइडशो करतो. लग्न, वाढदिवस, सेवापूर्ती, तेरवी. फोटो ओळीनं लावायचे, मागं संगीत टाकायचं, एक फोटो विरून दुसरा यावा म्हणून ट्रान्झिशन द्यायचं आणि शेवटी रेंडर करायचं. रेंडर म्हणजे या सगळ्याची मिळून एक व्हिडिओ फाइल तयार करणं.

आमच्याकडं सेवापूर्तीच्या व्हिडिओत सुरुवातीला आई-वडिलांचा फोटो असतोच. खाली ‘आशीर्वाद’ लिहायचं. ते वारलेले असतील तर झेंडूच्या हाराची फ्रेम वरून बसवायची. ती फ्रेम माझ्या डेस्कटॉपवरच पडलेली असते, इतकी लागते.

हे काम एका मुख्याध्यापकांचं होतं. फोटो त्यांच्या मुलानं पुण्याहून व्हॉट्सॲपवर पाठवले. सरांच्या आईचे दोनच फोटो होते. एक नवऱ्याशेजारी खुर्चीत बसलेला, दुसरा सरांच्या लग्नातला. नंतरची वास्तुशांती, नातवंडांची बारशी, तिरुपतीची सहल, कशातच ती नव्हती. वडील वारल्याचं मला माहीत होतं. आईही गेली असणार, असं मी धरून चाललो. एक फोन करायचा होता. केला नाही. दोघांना मिळून एकच हार टाकला.

मुलाला प्रिव्ह्यू पाठवला. त्याचं उत्तर आलं, “ओके काका, म्युझिक जरा वाढवा.”

कार्यक्रमात तो फोटो आला तसं मागून कुणीतरी बोललं, “आरं, म्हातारी तर हितंच बसून हाय की!” काही जण हसले. म्हातारी हसली नाही. पदर डोक्यावरून पुढं ओढून पडद्याकडं बघत राहिली.

सर माझ्या टेबलापाशी आले. “काय करायलात तुम्ही? माझी आई जिवंत हाय!”

“सर, सॉफ्टवेअरनं आपोआप लावला. जुना फोटो दिसला की टाकतं ते.”

हे साफ खोटं होतं. कुठलंही सॉफ्टवेअर आपल्या मनानं हार घालत नाही. पण सरांनी ते लगेच मानलं. त्यांनाही काहीतरी कारण हवंच होतं. माइकवरून तांत्रिक चूक झाल्याचं सांगितलं गेलं आणि लोक जेवायला उठले. म्हातारीजवळ कुणी गेलं नाही. मीही लॅपटॉप आवरला आणि मागच्या दारानं निघालो.

धंद्याला काही झालं नाही. कामं येत राहिली. पण तेरवीचा व्हिडिओ करायला बसलो की ती पदर ओढलेली बाई डोळ्यांपुढं यायची. शेवटी सरांच्या एका नातेवाइकाकडून गाव विचारून घेतलं. कंधारकडच्या एका खेड्यात ती एकटीच राहायची.

मी गेलो तेव्हा ती ओट्यावर तूर पाखडत होती.

“मावशी, तुमच्या लेकाच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ मी केला होता.”

“हाराचा?”

“हाव.”

“मशीननं केलं म्हणं त्ये.” तिनं सूप खाली ठेवलं. “मला न्हाई पटलं. मशीनला काय ठावं, कोन मेलं न् कोन जित्तं हाय? म्या म्हनलं, लेकानंच सांगितलं आसंल.”

याचा मी विचारच केला नव्हता. माझ्या खोट्यानं मी सुटलो होतो आणि ही बाई इतके दिवस लेकानं आपल्याला मेलेली ठरवलं, असं समजून दिवस काढत होती.

“नाही मावशी. लेकानं नाही, मशीननं नाही. मी घातला.”

“का रं?”

“नव्या फोटोंत तुम्ही कुठंच दिसला नाहीत.”

तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाली, “बलावलं तर दिसंल मानूस.”

आता हार टाकण्याआधी मी फोन करतो. एका मिनिटाचं काम आहे. त्या दिवशी मात्र मी तिच्या पायांना हात लावला आणि म्हणालो, “मावशी, न विचारता मी तुम्हाला मारलं, वर खोटं बोलून लेकावर संशय येऊ दिला. चुकलं माझं. माफ करा.”