न ओरडणारं पिल्लू

आमच्या भावकीत पोरीला स्थळ बघायचं असलं की दहा माणसं तोंड घालतात, पण कुत्रं निवडायचं म्हटलं की एकच माणूस बोलायचा. तो माणूस म्हणजे माझे चुलत सासरे. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणतं. आजूबाजूच्या वस्त्यांवर कुत्री व्याली की त्यातले नर उचलून आणायचे, आपल्या जुन्या गोठ्यात ठेवायचे आणि मागेल त्याला फुकट द्यायचे, हा त्यांचा उद्योग. फुकट आपलं म्हणायला. ज्याच्या दारात आप्पांचं कुत्रं, तो सोसायटीच्या निवडणुकीत आप्पांचं पॅनेल सोडून कुठं जाणार?

न्हावऱ्याबाहेर शेतात आम्ही घर बांधलं तेव्हा तिन्ही बाजूंनी ऊस होता आणि उसात बिबट्या. नवरा कुरकुंभला कंपनीत, शिफ्टची नोकरी. घरी मी, दोन गाया आणि एक कालवड. कुत्रं पाहिजेच होतं, म्हणून आम्ही दोघं आप्पांच्या गोठ्यावर गेलो.

त्यांनी एकेक पिल्लू उलटं करून नखं मोजली. वीस नखांचं कुत्रं बिबट्यालाही भीत नाही, असं आमच्याकडे मानतात. एकाची वीस भरली. मग त्याला एका कानाला धरून वर उचललं. कान धरल्यावर केकाटतं ते भित्रं आणि गप्प लोंबतं ते शूर, ही त्यांची दुसरी परीक्षा. ते पिल्लू लोंबत राहिलं, हूं की चूं नाही.

"बघ सूनबाई," आप्पा म्हणाले, "वाघ हाय वाघ."

मी लशीचं विचारलं, तर हसले. "लस टोचली की कुत्रं थंड पडतंय. भुकायचं इसरतंय."

घरी आणल्यावर वाघानं दुधाला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताची हगवण. तो वास एकदा नाकात गेला की जात नाही. टोपलीत घालून, स्कूटीवर पुढं ठेवून मी त्याला दौंडला डॉक्टरकडे नेलं. सलाईन लावता लावताच ते गेलं. डॉक्टर म्हणाले, हा पार्वो. आज लागण आणि उद्या उलट्या, असा हा रोग नाही. पिल्लू तुमच्याकडे आलं तेच आजार घेऊन आलं. ज्या जागेवरून आणलं तिथल्या मातीत हा रोग वर्ष वर्ष राहतो, तिथून पुन्हा आणू नका.

म्हणजे ते शूर बिर काही नव्हतं. ओरडायचंच त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

एवढ्यावर मी गप्प बसले असते. अडाणीपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण आठवड्याभरात गावात सप्त्याची पंगत होती. कुणीतरी आप्पांना विचारलं, सुनेला दिलेलं पिल्लू कसं आहे? आप्पांनी वाढप्याकडून आमटी घेतली आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "गेलं की. तिच्या हाताला काय जगतंय व्हय?"

त्याच्या आदल्या वर्षी माझं सात महिन्यांचं बाळ पोटातच गेलं होतं. ते पंगतीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बायकांनी माना खाली घातल्या. नवरा पत्रावळीत भात कालवत राहिला. त्याच्याकडे मी नंतर बघून घेतलं. आप्पांसाठी मात्र मी घाई करणार नव्हते.

त्यांचं वाटोळं व्हावं असं मला वाटलं नाही. तेवढ्यानं माझं भागणारं नव्हतं. मला त्यांना ते शब्द परत घ्यायला लावायचे होते, आणि तेही भरल्या पंगतीइतक्या माणसांत.

आधी अंगण ब्लीचिंगनं धुऊन काढलं, टोपली जाळली आणि वर्षभर कुत्रं आणलंच नाही. मग पाटसकडच्या एका धनगर वस्तीवर गेले. तिथं कुत्री व्यालेली होती. आधी आईला बघितलं. अंगावर मांस, डोळ्यांत तेज, पिल्लांजवळ गेल्यावर गुरगुरली पण चावली नाही. मग पिल्लांच्या हिरड्या, डोळे, शेपटीखालची जागा बघितली. पोट फुगलेली बाजूला केली. उरलेल्यांत एक मादी होती. तिला हात लावला तर अशी किंचाळली की शेजारच्या शेळ्या उठून उभ्या राहिल्या. तीच घेतली. वस्तीवरचे म्हातारे मामा म्हणाले, "अगं, मादी कशाला? दर सालाला पिल्लं निस्तरत बसशील." मी म्हटलं, "मामा, मला पिल्लंच पाहिजेत."

त्या कुत्रीला मी जपलं ते प्रेमानं, असं सगळे समजतात. समजू देत. पहिली लस, मग पुन्हा लस, तिसऱ्या महिन्यात रेबीजची, जंताचं औषध, कशातही मी खंड पडू दिला नाही. गाईचं दूध बंद, भाकरीत उकडलेलं अंडं आणि कधी मटणवाल्याकडचं उरलंसुरलं. बिबट्यासाठी गळ्यात खिळ्यांचा पट्टा. रोज दुपारी तिला मांडीवर घेऊन गोचिड काढायचे आणि रॉकेलच्या वाटीत टाकायचे. टाकताना म्हणायचे, या आप्पा, बसा. मोठा गोचिड सापडला की तो दिवस माझा चांगला जायचा.

कुत्री अशी झाली की दूध घालायला जाताना माणसं गाडी थांबवून बघायची. तोवर मीही एक काम करत होते. आप्पांकडून नेलेलं पिल्लू कुणाकुणाचं मेलं, ते डेअरीवर, गिरणीवर, बोलता बोलता काढून घेत होते. बरीच निघाली. आणि प्रत्येकाला आप्पांनी वेगळं कारण दिलं होतं. एका मावशीनं म्हणे गरम भाकरी घातली. एका ड्रायव्हरच्या पिल्लाला दृष्ट लागली. कारखान्यावर कामाला असलेल्या एकाच्या दारात तिठा होता, तो बाधला. कुत्रं मेलं ही काय चारचौघांत सांगायची गोष्ट आहे? म्हणून जो तो आपलाच दोष समजून गप्प होता.

कुत्री व्याली तेव्हा मी नेमक्या ह्याच माणसांना निरोप धाडले. पिल्लांना पहिली लस टोचून घेतली आणि एका रविवारी सगळ्यांना एकदमच बोलावलं. आप्पांना बोलावलं नाही. फक्त त्यांच्या कानावर जाईल असं बघितलं, की एका नराची वीस नखं भरलीत.

आप्पा आले. येणारच होते. सरळ पिल्लांकडे गेले आणि कानाला हात घालायला वाकले.

"आप्पा, आधी हात-पाय धुवा," मी म्हटलं. "ब्लीचिंगचं पाणी ठेवलंय."

"का? मी काय म्हारोगी हाय का?"

"तुमच्या गोठ्यातनं आलाय तुम्ही." मग मी मावशीकडे वळले. "मावशी, तुमचं पिल्लू किती जगलं?"

"कुठलं जगतंय बाई. आणलं आन् दोन दिवसांत गेलं. रगात हागून."

"माजंबी तसंच," ड्रायव्हर म्हणाला. कारखान्यावरचा म्हणाला, "आरं, माजं तर तिठ्यानं मेलं म्हनले हुते." सगळे एकमेकांकडे बघायला लागले, आणि मग आप्पांकडे.

"रोग काय माज्याच गोठ्यात हाय व्हय?" आप्पा म्हणाले.

"मग कुणाच्या?" मावशी म्हणाली. "आन् तुमास्नी ठावं नव्हतं? गोठ्यामागं पुरलेली पिल्लं आमी बघितली न्हाईत का?"

मी आप्पांसमोर उभी राहिले. "सप्त्याच्या पंगतीत माझ्या हाताबद्दल काय बोलला होता, आप्पा?"

त्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं, पुन्हा घातली. म्हणाले, "चुकलं माजं."

"मोठ्यानं म्हणा. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"सूनबाई, मी मोठा हाय तुज्यापरीस."

"पंगतीतही मोठेच होता."

त्यांनी मोठ्यानं म्हटलं. मागच्यांना ऐकू गेलं. वीस नखांचं पिल्लू मी त्यांच्या देखत मावशीच्या ओटीत घातलं आणि आप्पा गाडीला किक मारून गेले.

सूडानं मन निवत नाही असं कीर्तनात सांगतात. माझं निवलं. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवले, नवऱ्याला ताट स्वतः वाढून घ्यायला सांगितलं आणि कुत्रीजवळ जाऊन बसले. आप्पा चुकलं म्हणाले ते कुत्र्यांपुरतं म्हणाले असतील. मी ते माझ्या बाळासाठी घेतलं.