शुक्रवारची अंडाकरी

नागपूरच्या नंदनवन भागातल्या यमुताईच्या खानावळीत अंडाकरी म्हणून वेगळं काही शिजतच नव्हतं. शिजायचा तो एकच, मटनाचा मोठा गंज. कोणी अंडाकरी मागितली की दोन उकडलेली अंडी ताटलीत टाकायची आणि त्याच गंजातला रस्सा वरून ओतायचा. "नुसता रस्सा द्या, मटनाची बोटी नको" म्हणणारी निम्मी गिऱ्हाइकं असतात आपल्याकडे, त्यात काय एवढं! तिच्या सासूनं असंच केलं, तिनंही वीस वर्षं असंच केलं, आणि नाक पुसत खाणाऱ्या एकाही माणसानं कधी तक्रार केली नाही.

पास्कलबाबू त्यातलेच एक. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, कॅथलिक, बोलायला मात्र अस्सल नागपुरी. राखेच्या बुधवारी त्यांचा चाळीस दिवसांचा उपासकाळ लागला की दर शुक्रवारी दुपारी स्टीलचा डबा घेऊन हजर. मटन नको, अंडाकरी. घरी ते आणि बायको फिलोमिना, दोघांचा तोच उपास. यमुताई सोमवार करणारी बाई. तिला याचं भारी नवल.

"उपासाले अंडं! बाप्पा बाप्पा," ती चिडवायची. "मासोळीही चालते म्हणता. मीच चुकीच्या घरी जन्मली, साबुदाणा गिळून राहिली."

"मटन, कोंबडी सोडाची, ताई. बाकी देवानं मोकळं ठेवलं," बाबू हसायचे.

ती समजायची, बोटी चालत नाही, इतकंच. रश्शाबद्दल ना त्यांनी कधी विचारलं, ना तिनं सांगितलं.

यंदा जानेवारीत फिलोमिना गेली. उपासकाळातल्या पहिल्या शुक्रवारी बाबू आले ते डब्याशिवाय. "आता एकट्यासाठी काय डबा न्याचा? इथंच बसतो." अंडाकरीचं ताट समोर आलं आणि माणूस आपणहून बोलायला लागला.

"मागच्या उपासकाळात तिच्या अंगात रक्तच नव्हतं. डॉक्टर म्हणे, मटनाचं सूप पाजा. फादर घरी येऊन सांगून गेले, आजारी माणसाले नियम नाही. पण शुक्रवार आला का हिनं ओठ मिटले ते मिटलेच. म्हणे, लग्नापासून उपासातल्या एकाही शुक्रवारी मटनाचा थेंब पोटात गेला नाही, आता मरताना काहून मोडू? यमुताईची अंडाकरी आणा. तुमच्या भरवशावर तिनं उपास निभावला, ताई."

यमुताईच्या हातातली पळी हातातच राहिली. ती बाई सूप नको म्हणाली, आणि आपण डबा भरभरून सूपच पाठवलं की! समोर बाबू त्याच रश्शात पोळीचा तुकडा बुडवत होते. ती गंजावर झाकण ठेवून आत गेली.

सोमवारी तिला फराळाचा घास उतरेना. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी नणंदेनं गंमत म्हणून तिच्या उपासाच्या खिचडीत लसूण घातला होता, तर ही बया दोन वर्षं नणंदेशी बोलली नव्हती. आणि इथं?

सून वैभवी म्हणाली, "आई, झाकली मूठ सव्वा लाखाची. बाई गेली, बाबूले माहीत नाही. काहून उकरता?"

"अन् आता ते खाऊन राहिले ते?"

"मंग पुढच्या शुक्रवारी वेगळी करा ना. झालं!"

तसंच केलं. दुसऱ्या शुक्रवारी लहान पातेल्यात निराळी अंडाकरी. मसाला तोच, पाणी साधं. बाबूंनी पहिला घास घेतला आणि थांबले.

"हात बदलला का, ताई? ते चव नाही."

"मसाला तोच आहे."

"नाही, काही तरी कमी आहे." ते हसतच बोलत होते, पण तिचा चेहरा पाहिला आणि हसू थांबलं. "आधी काय राहे त्याच्यात?"

तिथंही खोटं बोलता आलं असतं. दारातून वैभवी डोळे वटारून पाहतच होती. पण यमुताईला सोसवेना. "मटनाचा रस्सा राहे, बाबू. पहिल्यापासून. मले वाटे, तुम्हाले बोटीच चालत नाही. देवाची शपथ, मले माहीत नव्हतं." मग ती भडाभडा बोलतच सुटली. डबा, सूप, फिलोमिना, सगळं. रडलीसुद्धा.

बाबू रागावले नाहीत. "पाप नाही तिच्या माथी," ते म्हणाले. "नकळत झालं त्याले पाप नाही, फादरही हेच सांगतील." मग ताटातलं अंडं बोटानं फिरवू लागले. "पण रविवारी चर्चात मिस्सा झाली का मी तिच्या कबरीवर जातो, ताई. आठवड्याचं सगळं सांगतो. सारा संसार झाला, तिच्यापासून काही लपवलं नाही. आता या रविवारी काय सांगू? का तुझे शुक्रवार..."

"माफ करा, बाबू."

"माफ केलं. पण मले काहून सांगतलं? तुम्ही तर मोकळ्या झाल्या."

अन्न टाकायचं नाही म्हणून ताट त्यांनी पुसून खाल्लं. हात धुतले, चपला घातल्या आणि उन्हात निघून गेले.

यमुताईनं त्यांचं ताट उचललं. बाबू म्हणाले ते खरंच होतं, मेलं! आठवडाभर छातीवर बसलेला धोंडा उतरला होता, श्वास मोकळा येत होता, कडकडून भूकसुद्धा लागली होती. आणि स्वतःची अशी लाज तिला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.